करवतीची बैठक
फिरत्या कामासाठी मायटर करवतीचा स्टँड कसा निवडावा

नव्या इमारतीतील एखाद्या घरात सुतारकाम चालू असले, म्हणजे जिन्यातच मायटर करवतीचा कर्कश आवाज कानी येतो. आत जाऊन पाहावे तर खोलीच्या मध्यभागी फरशीवर यंत्र ठेवलेले असते आणि कारागीर त्याच्यापुढे उकिडवा बसलेला असतो. एका हाताने तो यंत्राची मूठ खाली दाबतो, दुसऱ्या हाताने लाकडाची पट्टी धरतो. त्या पट्टीच्या दूरच्या टोकाखाली एक वीट असते; वीट पुरेशी उंच नसेल तर तिच्यावर लाकडाची एखादी ढलपी असते. ही वीट हाच प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे असे म्हटले तरी चालेल. करवतीखाली ठेवावयाचा स्टँड विकत घेताना बहुतेक जण करवतीचा विचार करतात. विटेचा विचार फारच थोडे करतात. वस्तुतः स्टँडचे खरे काम करवत पेलणे हे नसून विटेचे काम नीट करणे हे आहे.

चित्राची चौकट, दाराभोवतीची सजावटीची पट्टी, भिंतीच्या पायाशी बसविलेली स्कर्टिंगची पट्टी यांचे कोपरे जुळविताना दोन्ही तुकडे ४५ अंशांत तिरके कापून एकमेकांना भिडवितात. अशा तिरक्या जोडास मायटर जोड म्हणतात. पूर्वी याकरिता लाकडाची एक लांबट, वरून उघडी पेटी वापरीत. तिच्या दोन्ही बाजूंना तिरक्या खाचा पाडलेल्या असत आणि त्या खाचांतून हातकरवत चालविली म्हणजे कोन आपोआप साधे. इ. स. १९६४ मध्ये अमेरिकेतील रॉकवेल या कंपनीने या पेटीला विजेच्या मोटरीची जोड दिली, आणि आजच्या मायटर करवतीचा जन्म झाला. तिचे गोल पाते एका हलत्या दांड्यावर बसविलेले असते. ते वरून खाली आणून लाकूड कापावयाचे. खालची तबकडी फिरवून हवा तो कोन साधता येतो. पात्याचा व्यास बहुधा १० किंवा १२ इंच, म्हणजे सुमारे २५४ किंवा ३०५ मिलिमीटर असतो. १० इंची पाते मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर भरतो.

या यंत्राचा एक विशेष लक्षात घेतला पाहिजे. मेजावर बसविलेल्या गोल करवतीत पाते एका जागी असते व लाकूड पुढे सरकवावे लागते. मायटर करवतीत याच्या उलट असते. येथे लाकूड निश्चल राहावयाचे आणि पात्याने त्याच्याकडे यावयाचे. लाकूड हलले तर यंत्राच्या अचूकपणाचा काहीही उपयोग नाही. आणि कापताना हलले तर हाताची बोटे धोक्यात येतात. सुताराची बोटे म्हणजे त्याची उपजीविका. तेव्हा लांब लाकूड निश्चल कसे ठेवावयाचे हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे.

तीन किलोची पट्टी आणि वीस किलोचा हात

सागाची एक पट्टी घेऊ. तिची लांबी २.४ मीटर, रुंदी १०० मिलिमीटर व जाडी १९ मिलिमीटर आहे. सागाच्या एका घनमीटराचे वजन सुमारे ६५० किलोग्रॅम धरले, तर या पट्टीचे वजन ३ किलोग्रॅमच्या आसपास येते. शाळकरी मुलासही ती सहज उचलता येईल. आता तिच्या एका टोकाकडील १० सेंटिमीटरचा तुकडा कापावयाचा आहे.

पट्टीचा गुरुत्वमध्य तिच्या मधोमध, म्हणजे टोकापासून १.२ मीटरवर आहे. पाते टोकापासून १० सेंटिमीटरवर असल्याने गुरुत्वमध्य पात्यापासून १.१ मीटर दूर पडतो. करवतीची स्वतःची बैठक मात्र फार तर अर्धा-पाऊण मीटर रुंद असते. पात्यापासून तिची कड २७ सेंटिमीटरवर आहे असे धरू. म्हणजे पट्टीचा गुरुत्वमध्य कडेच्या बाहेर ८३ सेंटिमीटर लोंबकळत राहतो, आणि पट्टी त्या कडेवरून तरफेप्रमाणे फिरून खाली पडू पाहते. बलाच्या या फिरविण्याच्या परिणामास परिबल म्हणतात. वजन आणि टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार केला की ते मिळते. येथे ३ किलोग्रॅम गुणिले ०.८३ मीटर, म्हणजे जवळजवळ २.५ एवढे परिबल पट्टीला खाली ओढीत आहे.

याला विरोध कोण करणार? कारागिराचा डावा हात. पण तो हात पात्याच्या फार जवळ नेता येत नाही. साधारण १५ सेंटिमीटर अंतर राखावे असा दंडक आहे. पात्यापासून १५ सेंटिमीटर म्हणजे कडेपासून आतल्या बाजूस अवघे १२ सेंटिमीटर. २.५ भागिले ०.१२ हा भागाकार केला तर २० हून थोडे अधिक असे उत्तर येते. अर्थात तीन किलोची पट्टी नुसती जागेवर ठेवण्याकरिता हाताने सतत वीस किलोचा दाब दिला पाहिजे. आणि तोही दुसऱ्या हाताने फिरते पाते खाली आणीत असताना.

ज्यांना हे गणित पटत नसेल त्यांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. लाकडी फूटपट्टीचा दोन-तृतीयांश भाग मेजाच्या बाहेर येईल अशी ती ठेवावी आणि आतल्या टोकावर बोटाने दाबून ती आडवी ठेवावी. नंतर बोट हळूहळू मेजाच्या कडेकडे सरकवावे. कड जवळ येऊ लागते तसतसा बोटावरील ताण किती झपाट्याने वाढतो ते तत्काळ अनुभवास येईल. बाहेरच्या टोकावर खोडरबर ठेवून हाच प्रयोग पुन्हा केला, तर दाराच्या चौकटीचे जाड लाकूड धरणाऱ्या माणसाची अवस्था काय होत असेल याचीही कल्पना येईल.

त्या चौकटीचा हिशोबही करून पाहण्यासारखा आहे. तिचे २.१ मीटर लांबीचे उभे लाकूड १०० मिलिमीटर रुंद व ६५ मिलिमीटर जाड असेल, तर वजन सुमारे ९ किलोग्रॅम भरते. वरीलप्रमाणेच मांडणी केली असता हाताने द्यावयाचा दाब ५० किलोग्रॅमच्या घरात जातो. हे कोणाच्याही हातून होणारे काम नव्हे. यावर पुष्कळ कारागीर शिकंजाचा उपाय योजतात. लाकूड शिकंजाने बैठकीस आवळून टाकले की हात मोकळा. उपाय चांगलाच आहे, पण अपुरा आहे. शिकंजाने परिबल नाहीसे होत नाही. ते फक्त लाकडाकडून यंत्राकडे जाते. यंत्राचे वजन १५ किलोग्रॅम असेल आणि ते नुसतेच मेजावर ठेवलेले असेल, तर त्याचे स्वतःचे स्थिरतेचे परिबल १५ गुणिले ०.२७, म्हणजे ४ च्या आसपास. चौकटीच्या लाकडाचे परिबल मात्र ६ हून अधिक. साहजिकच लाकडासह सगळे यंत्रच कलंडते.

आता लाकडाच्या दूरच्या भागाखाली, पात्यापासून दीड मीटरवर, एक टेकू द्यावा. गुरुत्वमध्य दोन टेकूंच्या मध्ये येतो आणि हाताला दाब द्यावाच लागत नाही; लाकूड मागच्या आधारपट्टीस टेकवून धरले की पुरे. वीस किंवा पन्नास किलोंचे काम एका विटेने केले. म्हणून स्टँड पाहावयास गेल्यावर पहिला प्रश्न विचारावयाचा तो त्याच्या बाहेर सरकणाऱ्या भुजांविषयी: त्या पात्यापासून किती दूर जातात? नेहमी कापावयाच्या सर्वांत लांब लाकडाच्या निम्म्याहून अधिक अंतरापर्यंत टेकू पोहोचला पाहिजे. तो त्याहून कमी पोहोचत असेल, तर शेवटचा तुकडा कापताना गुरुत्वमध्य पुन्हा टेकूच्या बाहेर जाईल आणि सारे मुसळ केरात.

अमेरिकी बाजारासाठी केलेल्या मोठ्या स्टँडांच्या भुजा १६ फूट लांबीचे लाकूड पेलण्याच्या हिशोबाने बनविलेल्या असतात, कारण तेथे तेवढ्या लांबीच्या पट्ट्या सर्रास मिळतात. आपल्याकडे दाराच्या चौकटीचे लाकूड सात फुटांचे आणि सजावटीच्या पट्ट्या बहुधा आठ किंवा दहा फुटांच्या असतात. ज्याला एवढेच कापावयाचे आहे त्याने सोळा फुटांची किंमत आणि ओझे का सोसावे? याउलट अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडे बारा फूट वा त्याहूनही लांब नळ्या येतात. त्याला लांब भुजांचीच गरज आहे.

टेकू वर असावा की खाली?

वीट स्वस्त असली तरी तिच्यात एक दोष आहे. तिची उंची करवतीच्या बैठकीशी जुळेलच असे नाही.

टेकू ५ मिलिमीटर खाली राहिला असे समजू. लाकूड बैठकीच्या कडेवर आणि टेकूवर विसावते व पात्यापाशी किंचित उचलले जाते. कड ते टेकू हे अंतर १.२३ मीटर असल्याने होणारा कल पाव अंशाहूनही कमी आहे. पण १०० मिलिमीटर उंचीची स्कर्टिंगची पट्टी उभी धरून कापली, तर एवढ्या कलानेही कापाच्या खालच्या व वरच्या टोकांत ०.४ मिलिमीटरचा फरक पडतो. कोपऱ्याच्या दोन्ही तुकड्यांत तसाच दोष राहिला, तर जोडाच्या एका टोकास जवळजवळ एक मिलिमीटरची फट दिसते. कारागीर ती लांबी भरून बुजवितो, आणि घरमालकास ती पुढल्या उन्हाळ्यात दिसते.

टेकू वर राहिला तर प्रकरण अधिक गंभीर होते. दोन्ही बाजूंचे टेकू बैठकीपेक्षा उंच आहेत, आणि कारागीर मधोमध पाते दाबतो आहे. लाकूड मधे खाली वाकते. वाकलेल्या लाकडाचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो, त्यामुळे कापाची फट वरून मिटू लागते आणि पाते तिच्या चिमटीत सापडते. ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरणारे पाते असे अडले, म्हणजे ते लाकूड उसळवून फेकते किंवा सारा दांडा झटक्याने वर येतो. मायटर करवतीवरील अपघातांचे हे एक ठरलेले कारण आहे. टेकू किंचित खाली असला तर काम बिघडते, वर असला तर माणूस जायबंदी होतो. म्हणून टेकू बैठकीच्या पातळीत आणावा, आणि चूक व्हावयाचीच असेल तर ती केसभर खालच्या बाजूस होऊ द्यावी.

यावरून स्टँडच्या टेकूची उंची बारीक फेरफाराने बदलता आली पाहिजे हे उघड होते. निरनिराळ्या कंपन्यांच्या करवतींच्या बैठका निरनिराळ्या उंचीच्या असतात. ठराविक खाचांवरच अडकणारा टेकू त्यांपैकी एखादीशीच जुळेल. स्क्रूने वरखाली होणारा कोणाशीही जुळेल. शिवाय उंची ठरविल्यावर तो आवळून पक्का बसला पाहिजे. दुकानात टेकू आवळून त्याच्यावर तळहाताने जोराने दाबून पाहावे. तो खचला तर पुढचे काही पाहण्याचे कारण नाही. कित्येक टेकूंवर फिरता रूळ असतो. त्याने लांब लाकूड सरकविणे सोपे जाते खरे. परंतु रूळ करवतीच्या रेषेत नसेल तर तो लाकडास हळूच एका बाजूस ओढीत राहतो. मायटर कामासाठी सपाट, गुळगुळीत टेकूच बरा.

तीन पाय, चार पाय

तीन बिंदूंतून नेहमी एकच प्रतल जाते, हे भूमितीत शिकविले जाते. त्याचा व्यवहारातील अर्थ असा, की तिवई कितीही खडबडीत जमिनीवर ठेवली तरी डुगडुगत नाही. चार पायांच्या मेजाला हे भाग्य नाही. बांधकामाच्या जागी तर सपाट जमीन क्वचितच लाभते. कोठे सिमेंटचा थर वाळलेला असतो, कोठे फरशीचा तुकडा पडलेला असतो. चारही पाय कमीजास्त करण्याची सोय असण्याची आवश्यकता नाही. एक पाय तसा असला तरी चौथा बिंदू बाकीच्या तिघांच्या प्रतलात आणता येतो. मात्र लाकूड जमिनीशी समांतर आहे की नाही याची उठाठेव करू नये. ते करवतीच्या बैठकीशी समांतर असले पाहिजे. संपूर्ण स्टँड थोडा कललेला असला तरी काप बिघडत नाही. पाणसळ लावून वेळ दवडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पेटीवर छापलेल्या भारक्षमतेवरही फार विसंबू नये. काही स्टँडांवर दोनशे किलोग्रॅमहून मोठा आकडा असतो. पण तो भार मधोमध, स्थिर ठेवलेला असतो. कामात भार कोठे येईल ते सांगता येत नाही. एक हलका स्टँड १२ किलोग्रॅमचा, त्यावर १२ किलोग्रॅमची करवत. त्याचे पाय मध्यापासून अर्ध्या मीटरवर टेकले आहेत आणि भुजा दीड मीटरपर्यंत बाहेर काढली आहे. भुजेच्या टोकावर कारागिराने सहज हात टेकून १२ किलोंचा भार दिला, तर पायाभोवतीचे परिबल १२ गुणिले १, म्हणजे १२. आणि स्टँड सावरणारे परिबल २४ गुणिले अर्धा, म्हणजेही १२. तराजूची दांडी अगदी बरोबरीवर आली. आणखी एक पाव किलो पडला की सारे उलथेल. यंत्र २७ व स्टँड १५ किलोग्रॅमचा असता तर सावरणारे परिबल २१ झाले असते आणि काहीच घडले नसते. हलकेपणा हा जिन्यात गुण आणि कामात दोष आहे. म्हणून हलक्या स्टँडचे पाय अधिक फाकलेले आहेत ना, हे पाहून घ्यावे.

ज्या करवतीचे डोके पुढेमागे सरकते तिच्या बाबतीत पायांचे पुढेमागे अंतरही महत्त्वाचे ठरते. २७ किलोग्रॅमच्या यंत्रापैकी १२ किलोग्रॅमचे डोके ३० सेंटिमीटर पुढे ओढले, तर १५ किलोग्रॅमच्या स्टँडसह सर्वांचा गुरुत्वमध्य साडेआठ सेंटिमीटरांनी पुढे येतो. अरुंद पायांचा स्टँड त्या वेळी पुढे झुकल्याचे हाताला जाणवते.

उंचीविषयी थोडेसे. हिंदुस्थानातील सुतार पिढ्यानुपिढ्या जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्याने व टाचेने लाकूड दाबून काम करीत आला. हातकरवतीच्या काळात ती पद्धत अडाणीपणाची मुळीच नव्हती. दोन्ही पाय हे त्याचे शिकंजेच होते. वेगाने फिरणाऱ्या पात्याजवळ मात्र पाय नेणे धोक्याचे, आणि उकिडव्या माणसाला संकटसमयी झटकन मागे सरता येत नाही. उभ्याने काम करताना कापावयाचे लाकूड कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली असावे. मध्यम उंचीच्या पुरुषाच्या बाबतीत हे अंतर जमिनीपासून सुमारे ९० सेंटिमीटर येते. येथे अनेकांची फसगत होते: ते ९० सेंटिमीटर उंचीचा स्टँड घेतात आणि करवतीची बैठकच आणखी ८ ते १० सेंटिमीटर जाडीची असते हे विसरतात. दिवसभर खांदे उचलून काम केल्यावर ती चूक रात्री कळते.

चाके की खांदा?

चाकांचा स्टँड ही दुसऱ्या प्रकारची तरफ होय. करवतीसह त्याचे वजन ५५ किलोग्रॅम असेल, गुरुत्वमध्य चाकांच्या आसापासून ०.४ मीटरवर आणि मूठ १.२ मीटरवर असेल, तर मुठीपाशी फक्त एक-तृतीयांश, म्हणजे १८ किलोग्रॅम उचलावे लागतात. सपाट रस्त्यावर, वाहनतळापासून उद्‌वाहनापर्यंत, एकट्या माणसाला हे वरदानच वाटते. पण अपुऱ्या इमारतीत उद्‌वाहन सुरू झालेले नसते. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तरफेचा लाभ नाहीसा होतो आणि ५५ किलोंचे बोचके वर ओढावे लागते. तेथे करवत एकाने व घडीचा स्टँड दुसऱ्याने नेणे अधिक सोयीचे. ज्या दोन कंसांवर करवत बसवितात ते एका खिट्टीने सुटणारे असावेत. दर वेळी चार बोल्ट काढणे कोणी दोन दिवसांवर करीत नाही, आणि मग यंत्र न आवळताच वापरले जाते.

कोणता स्टँड घ्यावा याचा निर्णय यामुळे करवतीच्या आकारापेक्षा मुक्कामाच्या काळावर अधिक अवलंबून राहतो. दररोज नव्या घरी जाऊन स्वयंपाकघराची कपाटे किंवा स्कर्टिंग बसविणाऱ्याने घडीचा, सरकत्या भुजांचा स्टँड घ्यावा. त्याची किंमत वाचलेल्या वेळात वसूल होते. परंतु एकाच घरात दोन-तीन महिने काम करणाऱ्या मंडळींना विकतच्या स्टँडची गरजच काय, असा प्रश्न विचारता येईल. त्यांच्यासाठी जागेवर बनविलेली घोडी सर्वोत्तम. विकतच्या कोणत्याही स्टँडपेक्षा ती जड असते, आणि येथे जडपणा हवाच आहे.

अशा घोडीला दोन मजबूत तिवया किंवा घोडे व त्यांवर तीन मीटर लांबीची, १८ मिलिमीटर जाड प्लायवुडची पट्टी लागते. खालून दोन उभ्या पट्ट्या ठोकून तिला वाक येऊ द्यावयाचा नाही. मधोमध करवत बोल्टने बसवावी. नंतर करवतीच्या बैठकीची उंची मोजून त्याच उंचीचे लाकडी ठोकळे दोन्ही बाजूंना ठेवावेत. उंची एकदम नेमकी कापू नये. ठोकळे एक मिलिमीटर कमी कापावेत आणि खाली पुठ्ठ्याच्या चकत्या सारून ते पातळीत आणावेत. एका टोकाच्या ठोकळ्यापासून करवतीवरून दुसऱ्या टोकाच्या ठोकळ्यापर्यंत बारीक दोरी ताणून धरावी. दोरी बैठकीला सर्वत्र हलकेच स्पर्श करील, कोठेही अधांतरी राहणार नाही, एवढे झाले की ठोकळे स्क्रूने पक्के करावेत. विजेची तार कारागिराच्या पायांत न येता घोडीच्या मागच्या बाजूने जावी. पहिला काप टाकाऊ लाकडावर घ्यावा व तो गुण्या लावून तपासावा. प्लायवुड दमटपणाने हलते, म्हणून पावसाळ्यात ही तपासणी दर आठवड्यास करावी.